आत्याच्या ड्रममध्ये नेमकं काय बिघडलं होतं

माझी आत्या नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो हाऊसमध्ये राहते. घरात आत्या, काका, त्यांचा मुलगा आणि नवी सून असे चौघं. पुढे चार हाताची जागा, त्यात बदामाचं झाड, मागे छोटं अंगण आणि गच्चीवर काकांच्या तीसेक कुंड्या, त्यातल्या निम्म्या गुलाबाच्या. नाशिकला मोगलांच्या काळात गुलशनाबाद म्हणायचे हे काका येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात, त्यामुळे गुलाब म्हणजे घरातला नाजूक विषय. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर रिजेक्शन आलं की व्हाय-व्हाय अॅनालिसिस भरायचं, म्हणजे 'का, का' विचारत मूळ कारणापर्यंत जायचं, हेच काम, त्यामुळे घरातलं काही बिघडलं तरी फोन मलाच येतो, मिक्सर असो नाहीतर खताचा ड्रम.

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायला ड्रम त्यांनी मे महिन्यात आणला. १२० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम, भंगारवाल्याकडून जुना. त्यावर लिक्विड ग्लुकोजचं अर्धवट स्टिकर होतं म्हणून मी हो म्हटलं. नाशिकमध्ये एमआयडीसीमुळे असे ड्रम सहज मिळतात पण त्यात आधी काय होतं ते माहीत नसेल तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, अॅसिड किंवा प्लेटिंगच्या केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी ज्या मातीत मेथी लावायची त्या मातीसाठी नकोच. बाजूला ड्रिलने भोकं पाडली, तळाला नळाची तोटी बसवली, दुकानातून कल्चर पावडरचं (कचरा कुजवणारे जंतू असलेली पावडर) पाकीट आणि कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) वीट आली आणि काम सुरू झालं. जूनपर्यंत सगळं छान. मग पाऊस लागला.

जुलैच्या शेवटी पहिला फोन आला. "अरे, वास येतोय रे, आणि बाजूच्या वहिनी काल खिडकी धाडकन लावून गेल्या." मी कंपनीच्या बसमध्ये होतो, मी काहीही न बघता सांगून टाकलं की दोन लिटर आंबट ताक घाल आणि मूठभर गूळ विरघळवून टाक, कल्चर कमी पडलं असेल. ही माझी पहिली चूक आणि ती मी मुद्दाम लिहितोय, कारण ऑफिसात ज्युनिअरने पार्ट न बघता फोनवरून कारण सांगितलं तर मीच त्याला झापतो. बुडणाऱ्या ड्रममध्ये मी अजून दोन लिटर पाणीच ओतायला लावलं होतं, त्यात साखर घालून.

पुढचा फोन आला तो थेट मंगळागौरीच्या रात्री. सुनेची पहिली मंगळागौर, पंधरा-वीस बायका, फुगड्या, झिम्मा, सगळं रंगात आलेलं, आणि मागच्या दाराखालून अळ्या आत. एक-दोन नाही, रांगच. बोटाच्या पेराएवढ्या, चपट्या, तपकिरी-काळ्या, टणक. एका काकूंच्या पैठणीच्या काठापर्यंत एक पोचली म्हणे आणि मग जागरण वेगळ्याच कारणाने झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजूच्या वहिनी गेटवर येऊन शांतपणे म्हणाल्या, "काकू, आपला महापालिकेचा खत प्रकल्प पाथर्डीलाच तर आहे ना, मग तुम्ही घरी कशाला काढलात?" घंटागाडी रोज दारात येते, गणपतीपर्यंत हे आवरलं नाही तर मी तक्रार करणार, असंही सांगून गेल्या. खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी ड्रमपासून सात-आठ फुटांवर आहे.

रविवारी मी गेलो. या वेळी आधी काहीच टाकायचं नाही, नुसतं बघायचं असं ठरवून.

ड्रमचं झाकण उघडंच होतं. वास दोन प्रकारचा असतो आणि तो ओळखता आला की अर्धं काम होतं. डोळ्यात जाणारा, तिखट, मुतारीसारखा वास आला तर तो अमोनिया, म्हणजे ओलं जास्त आणि कोरडं कमी, पण निदान हवा तरी जातेय. इथे होता सडक्या अंड्याचा, गटाराचा वास. म्हणजे आत हवा नाहीच, हवेशिवाय जगणारे जंतू काम करत होते. मी हात घालून एक मूठ उचलली आणि पिळली. चांगल्या खताची मूठ पिळली की बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा, बस. माझ्या कोपरापर्यंत काळं पाणी आलं. काका बाजूला उभे होते, म्हणाले, "हे वर्मीवॉश आहे ना? मी गेल्या महिन्यात तोटीतून काढून गुलाबांना घातलं." मग त्यांनी मला गच्चीवर नेलं. सहा कुंड्या, पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, नवीन फूट काळी पडलेली. वर्मीवॉश म्हणजे गांडुळांच्या वाफ्यातून झिरपलेलं पाणी, ते वेगळं. सडणाऱ्या कचऱ्याचं हे पाणी आंबट, खारट असतं, निव्वळ घातलं तर मुळं जळतातच. दहा पट पाणी घालून मोठ्या झाडाच्या बुंध्याला दिलं तर चालतं, कुंडीला मी तरी देत नाही.

आणि ते पाणी महिनाभर तोटीतून येणं बंद झालं होतं. काकांना वाटलं खत तयार झालं. मी तार घातली तर आतून कोथिंबिरीच्या काड्यांचा बोळा निघाला आणि मग बादली भरून वाहिली, मोजलं तर ११ लिटर.

मग ताडपत्री अंथरून सगळा ड्रम पालथा केला. हे काम नाकाला रुमाल बांधून सुद्धा दोन वेळा थांबून करावं लागलं. खालचा एक फूट म्हणजे काळा चिखल. त्यात कोबीचा अख्खा दांडा, हारांचे दोरे, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे आणि आंब्याच्या कोयी. कोयी मी मोजल्या, ४३. मे महिन्यातल्या सगळ्या जशाच्या तशा. वरचा थर अळ्यांनी हलत होता. या अळ्या काळ्या सोल्जर माशीच्या. घरमाशीच्या अळ्या पांढऱ्या, मऊ, लहान असतात, या मोठ्या आणि चपट्या. ही माशी चावत नाही, आपल्या ताटावर बसत नाही, मोठी माशी फारसं काही खातही नाही, जे काय खायचं ते अळी असतानाच खाऊन घेते, आणि कचरा इतक्या वेगाने फस्त करते की काही जण मुद्दाम पाळतात. फक्त कोषात जायची वेळ आली की अळी काळी पडते आणि कोरडी जागा शोधत ओल्यातून बाहेर चढते, आणि आत्याच्या घरात त्या रात्री सगळ्यात कोरडी जागा म्हणजे हॉल होता. मी सांगितलं की या आपल्याच बाजूच्या आहेत तर सून नुसतं माझ्याकडे बघत राहिली. ताडपत्रीवर पसरल्यावर मात्र साळुंक्यांनी तासाभरात बऱ्याचशा उचलल्या.

आता कारण. आत्याचं म्हणणं पावडर डुप्लिकेट निघाली. काकांचं म्हणणं लिंबाची सालं टाकली म्हणून. मी म्हटलं आधी आठवडाभर वजन करू. सुनेने रोज ओला कचरा टाकायच्या आधी किचनच्या काट्यावर तोलला आणि फ्रिजवर लिहून ठेवला. सात दिवसांचे ६ किलो ३०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला ९०० ग्रॅम. श्रावण असल्यामुळे केळीची सालं, रताळ्याची सालं, भाज्यांची देठं, चहाचा चोथा, रोजची फुलं. त्याच काट्यावर मी आत्याला सांगितलं की रोज जेवढं कोकोपीट टाकतेस तेवढं ठेव. दोन मुठी. ४० ग्रॅम. आणि ते ओलं!

कारण कोकोपीटची वीट फुटत नाही म्हणून पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ती बादलीत भिजवून ठेवली होती आणि तेच भिजलेलं, पाणी पिऊन फुगलेलं कोकोपीट 'कोरडं' म्हणून रोज पडत होतं. म्हणजे कोरडं मटेरियल जवळजवळ शून्य, उलट अजून थोडं पाणी. चुकीचं काही केलं नव्हतं त्यांनी, कुंडीत भरायला वीट भिजवायचीच असते, ड्रमसाठी ती कोरडीच कुस्करायची असते एवढं कोणी सांगितलं नव्हतं, आणि फोनवरून मी पण विचारलं नव्हतं.

इथे थोडा हिशोब करतो, कारण 'थोडी सुकी पानं टाका' असं सगळे सांगतात पण थोडी म्हणजे किती ते कोणी सांगत नाही. भाजीच्या कचऱ्यात साधारण ८५ टक्के पाणी असतं. खताच्या ढिगाला लागतं ५० ते ६० टक्के. सुक्या पानात १० टक्के पाणी धरा. एक किलो ओल्यात अर्धा किलो सुकी पानं घातली तर एकूण दीड किलोत ९०० ग्रॅम पाणी, बरोबर ६० टक्के. म्हणजे वजनाने ओल्याच्या निम्मं कोरडं. आत्याला रोज ४५० ग्रॅम पानं हवी होती, पडत होतं ४० ग्रॅम कोकोपीट, ते पण भिजलेलं. आणि ४५० ग्रॅम सुकी पानं म्हणजे चुरली तरी निम्मी बादली होतात, ओल्या कचऱ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट ढीग दिसतो, तो बघूनच लोक घाबरतात आणि मूठभर टाकतात. भोकं मोठी असतील, निचरा चांगला असेल, वारं लागत असेल तर ३०० ग्रॅमवर भागतं हे माझं स्वतःचं मत, पण पावसाळ्यात निम्म्याच्या खाली जाऊ नका. कार्बन-नायट्रोजनचं जे ३०:१ प्रमाण सांगतात ते पण यातच जवळपास जमून जातं, त्यासाठी वेगळा तक्ता घेऊन बसायची गरज नाही.

मग फ्रिजवरच्या कागदाच्या पाठीमागे मी व्हाय-व्हाय लिहीत गेलो. वास का, तर हवा नाही. हवा का नाही, तर फटीत पाणी भरलंय. पाणी का भरलं, तर कोरडं नाही, तोटी तुंबली, वर झाकण उघडं आणि पाऊस आत. झाकण उघडं का, तर आत्या म्हणाली, "वास जावा म्हणून ठेवलं रे." वासामुळे झाकण उघडं, झाकणामुळे पाणी, पाण्यामुळे वास. आणि कोरडं का नाही? तर ऑगस्टमध्ये पानं आणायची कुठून. दारातला बदाम हिरवागार उभा. मग मी विचारलं की बदामाची पानगळ होते तेव्हा काय करता. आत्या एकदम उत्साहाने म्हणाली की माघ-फाल्गुनात रोज दोन वेळा झाडावं लागतं, इतका कंटाळा येतो, पोती भरभरून घंटागाडीत देते.

तिथे पेन ठेवला.

आपल्याकडे सुका पाला पडतो जानेवारी ते एप्रिल, पिंपळ, कडुनिंब, बदाम सगळे त्याच सुमारास झडतात, कॉलनीत कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग लागतात आणि कोणीतरी पेटवून पण देतं, जे करूच नये. आणि त्याची खरी गरज पडते जून ते सप्टेंबरात. मधल्या चार महिन्यांचं गोडाऊन कुणाच्याच घरात नसतं. बाकी सगळं, पावडर, लिंबाची सालं, तोटी, हे बारीकसारीक. (लिंबाची सालं गांडुळांच्या डब्यात जास्त झाली तर त्रास देतात, साध्या ड्रममध्ये घरातली दोन-चार लिंबं काही बिघडवत नाहीत. आणि जंतू पानांवर, सालांवर आधीच असतात, मागच्या घाण्यातलं दोन ओंजळ खत घातलं की तेच विरजण.)

पण ऑगस्टमध्ये करायचं काय? गणपतीला तीन आठवडे होते. निथळल्यावर ताडपत्रीवरचा माल ५८ किलो भरला, बॅग तोलायच्या हुकच्या काट्यावर गोणीगोणीने. हिशोबाने २९ किलो कोरडं हवं. माझ्या लाइनवरचा एक जण घोटीहून येतो, तिकडे भाताच्या गिरण्या आहेत, त्याला सांगितलं तर दोन गोणी तूस घेऊन आला. तूस लवकर कुजत नाही पण ते दबतही नाही, फटी मोकळ्या ठेवतं, आणि आम्हाला त्या वेळी कुजण्यापेक्षा हवा हवी होती. वखारीतून साध्या लाकडाचा भुसा पाचेक किलो, प्लायवुड-एमडीएफचा नाही कारण त्यात गोंद असतो, आणि भुसा एवढाच, कारण त्यात नायट्रोजन जवळपास नसतो, जास्त झाला तर सगळं थंड पडतं. किराणावाल्याचे पुठ्ठे काका टीव्ही बघत फाडत बसले, चिकटपट्टी काढून, तळहाताएवढे तुकडे. आत्याच्या भावजयीच्या माहेरी दिंडोरीला द्राक्षबाग आहे, तिथून छाटणीच्या काड्या आणू असं निघालं होतं, मी नको म्हटलं. द्राक्षावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि इतर तांब्याची औषधं वर्षानुवर्षं मारलेली असतात, तांबं कुजत नाही, ते कुंडीत साठवायची मला हौस नाही.

सगळं मिळून १९ किलो जमलं. उरलेलं वाऱ्यावर सोडलं, म्हणजे दोन दिवस पोर्चमध्ये पसरून वर-खाली केलं, श्रावणातलं ऊन जेवढं मिळालं तेवढं. कोबीचा दांडा चिरला, कोयी बाजूला काढल्या. एका ड्रममध्ये आता ते मावेना म्हणून दुसरा ड्रम आणला, दोन्हींना बोटभर जाडीची भोकं चार-चार बोटांवर, मधोमध भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा, तळाला विटा आणि नारळाच्या काथ्याचा थर म्हणजे तोटी तुंबायला नको, आणि वर झाकण कायम बंद. ड्रमखाली भुसा भरलेलं घमेलं ठेवलं, पळणाऱ्या अळ्यांना हॉलच्या आधी ते लागावं म्हणून.

भरल्यानंतर कंपनीतला जुना प्रोब थर्मामीटर आणून दिला आणि काकांना कामाला लावलं. भरताना ३१ अंश. तिसऱ्या दिवशी ५१. काकांनी सकाळी सहाला फोन करून सांगितलं, झाकण उघडलं तर वाफ येतेय, आग तर लागणार नाही ना. म्हटलं काका, हेच हवं होतं. त्या दोन दिवसांत अळ्या आपणहून घमेल्यात उतरल्या, गरम त्यांना सोसत नाही. आठवड्याने ४६ वर आलं तेव्हा एका ड्रममधलं दुसऱ्यात असं उलटंपालटं केलं, परत ४८, मग हळूहळू उतरत पंधराव्या दिवशी ३५. सडक्या अंड्याचा वास पाचव्या दिवशी गेला, मग दोन दिवस अमोनियाचा भपकारा आला, अजून पुठ्ठा घातला, तो पण गेला. गणपती आले तेव्हा ड्रमला पावसाळी मातीचा वास होता. बाजूच्या वहिनी आरतीला आल्या, ड्रमबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मी एवढ्यावर समाधान मानलं.

रोजचा कचरा थांबत नाही, ही यातली दुसरी अडचण. एक ड्रम शिजायला बंद ठेवला तर रोजचा दुसऱ्यात, त्यामुळे दोन ड्रम लागतातच, एकावर ज्यांचं चालतं त्यांचं कसं चालतं मला अजून कळलेलं नाही. रोजच्या ड्रमशेजारी तुसाचं पिंप आणि एक जुनं तेलाचं डबडं ठेवलं, ओलं एक डबडं तर कोरडी दोन, एवढंच सूत्र सुनेने मार्करने झाकणावर लिहिलंय. चहाचा चोथा धुऊन, अंड्याची टरफलं चुरून, आंब्याच्या कोयी नाही, दोरे आधी काढून. उरलेली आमटी-भाजी आम्ही बंदच केली, तेल आणि मीठ दोन्ही नको.

सहा आठवड्यांनी खत काळं, भुसभुशीत दिसायला लागलं आणि काका लगेच कुंड्या रिकाम्या करायला निघाले. मी हाळीव पेरायला लावले. हाळीव दोन-तीन दिवसांत उगवतात आणि कच्चं खत त्यांना अजिबात सोसत नाही, म्हणून टेस्टला बेस्ट, आणि डिंकाच्या लाडवांमुळे आत्याच्या डब्यात असतातच. एका द्रोणात नुसती माती, एकात खत-माती निम्मं निम्मं, २० दाणे इकडे, २० तिकडे. मातीत १७ उगवले, खतात ७. म्हणजे कच्चं. काका हिरमुसले पण थांबले. दसऱ्याचा झेंडू ड्रममध्ये गेला, दोरे काढून, आणि दहाव्या आठवड्यात परत पेरलं, मातीत १७, खतात १८. मग वाळूच्या चाळणीने चाळलं. बारीक २१ किलो, वर राहिलेलं जाडंभरडं ९ किलो, त्यात तूस बरंचसं तसंच, ते नव्या घाण्यात विरजण म्हणून. गुलाबांना एक भाग खत, तीन भाग माती. नुसत्या खतात झाड लावायचं नाही, ते दबत जातं आणि कुंडी महिन्याभरात चार बोटं खाली बसते. भाजलेल्या सहापैकी दोन गुलाब गेले, चार फुटले.

खर्च म्हणाल तर दुसरा ड्रम, पाइप, ताडपत्री मिळून दीड हजाराच्या आत. कल्चरची दोन पाकिटं अजून फडताळात पडून आहेत, आत्या फेकू देत नाही.

आणि यंदा माघात बदाम झडायला लागल्यावर घंटागाडीला पानं गेली नाहीत. काकांनी रोज दुपारी पानं जरा चुरडून गोणीत भरली, पायाने दाबून, तोंड शिवून. मी हिशोब करून दिला होता की पावसाळ्याच्या १२० दिवसांना रोजचे ४५० ग्रॅम म्हणजे ५४ किलो पानं. एका गोणीत दाबून पाच-सहा किलो बसतात. दहा गोण्या लागतात. आठ झाल्या आहेत. त्या जिन्याखाली रचल्या, कारण घरात कोरडी जागा तेवढीच, आणि त्यासाठी मुलाची स्कूटर बाहेर उभी राहायला लागली. तो मला भेटला की पहिलं तेच बोलतो, "दादा, सीटवर पोपटाची शिट असते रोज."